अनिलचा ‘निल’ कसा झाला: टेक्स्ट फाइलमधल्या ओळी वाचताना आणि लिहिताना

तुम्ही पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेची सभासद यादी विंडोजवर एक्सेलमध्ये तयार होते, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली टेक्स्ट फाइल) म्हणून अपलोड होते आणि लिनक्स सर्व्हरवर पायथनमध्ये वाचली जाते. कोडचे दोन तुकडे दोघांनी लिहिलेत: एक पिनकोड तपासतो, दुसरा यादी साफसूफ करून पुन्हा लिहितो. पिनकोड डोळ्यांना बरोबर दिसतो, पण तुलना केली की जुळत नाही. निकालाची सीएसव्ही विंडोज लॅपटॉपवर तयार केली की एक्सेलमध्ये एकाआड एक ओळ रिकामी येते, सर्व्हरवर केली तर येत नाही. तिसरी तक्रार सगळ्यांत विचित्र: ज्या नावांत ‘अ’ आहे ती फुटतात. ‘अनिल’च्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं आणि खालच्या ओळीवर नुसतं ‘निल’. युटीएफ-८ ने वाचताना एरर आली म्हणून एन्कोडिंग (कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे ठरवणारी पद्धत) लॅटिन-१ करून टाकलं, असंही जाता जाता लिहिलंय. रिप्लेस लावून पाहिलं, पण एकीकडे सुधारलं की दुसरीकडे बिघडतं.

ते जाता जाता लिहिलेलं वाक्यच या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे येतोच. (कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना ती अर्थातच मूळ इंग्रजी अक्षरांत करायची.)

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल: फाइलमध्ये ओळी नसतात. फाइल म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची एक लांबच लांब रांग, त्यातला एकेक आकडा म्हणजे एक बाइट. त्यातल्या कुठल्या आकड्यापाशी ओळ संपली म्हणायचं, हे वाचणारा प्रोग्राम ठरवतो. लिहिणाऱ्याने एक ठरवलं आणि वाचणाऱ्याने दुसरंच धरलं की तुमच्यासारखे प्रश्न उभे राहतात. तुमच्या साखळीत असे ठरवणारे चार आहेत: एक्सेल, कोडचे ते दोन तुकडे आणि फाइल लिहिणारं खुद्द पायथन. चौघांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही.

हा घोळ आला कुठून? ज्यांनी टायपिंगच्या क्लासमध्ये रेमिंग्टन नाहीतर गोदरेज बडवलाय त्यांना आठवेल: घंटी वाजली की डावीकडची दांडी ढकलायची. त्या एका ढकलण्यात दोन कामं व्हायची. कागद एक ओळ वर सरकायचा आणि गाडा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला यायचा. तारेवरून चालणाऱ्या टेलिप्रिंटरमध्ये या दोन कामांना दोन वेगळे संकेत होते. गाडा मागे नेणारा कॅरेज रिटर्न, म्हणजे आकडा १३, आणि कागद सरकवणारा लाइन फीड, म्हणजे आकडा १०. त्या काळी सगळीकडे पसरलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरं छापायचं, आणि छापणारं डोकं उजव्या टोकाहून डावीकडे यायला एका अक्षराहून जास्त वेळ लागायचा. दोन संकेत लागोपाठ पाठवले की तेवढा अवधी आपोआप मिळायचा.

पुढे मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने ठरवलं की फाइलमध्ये एकटा लाइन फीड पुरे, यंत्राचे लाड ते यंत्र चालवणाऱ्या ड्रायव्हर प्रोग्रामने करावेत. युनिक्सने तेच उचललं आणि लिनक्सकडे ते वारशाने आलं. सीपी/एम या दुसऱ्या सिस्टीमने दोन्ही ठेवले, १९८१ च्या एमएस-डॉसने ती जोडी घेतली आणि विंडोजमध्ये ती आजही नांदते आहे. ॲपलच्या जुन्या मॅकने तिसराच रस्ता धरला, एकटा १३. तो २००१ साली मॅक ओएस टेनबरोबर सुटला. विंडोजच्या नोटपॅडला तर एकटा १० ओळखायला २०१८ साल उजाडलं. तोवर लिनक्सवरची फाइल त्यात उघडली की सगळा मजकूर एका ओळीत आगगाडीसारखा दिसायचा. यापुढे मी १३ ला सीआर, १० ला एलएफ आणि दोघांना मिळून ‘जोडी’ म्हणतो.

आता पिनकोड. एक्सेलने प्रत्येक ओळीच्या शेवटी जोडी लिहिली. पिनकोड तपासणारा तुकडा अपलोडचे बाइट्स घेतो, डीकोड करतो, म्हणजे त्यांची अक्षरं करतो, आणि एलएफवर स्प्लिट करतो, म्हणजे जिथे एलएफ तिथे तोडतो. एलएफ गेला, सीआर मागे राहिला. म्हणजे तुमच्या हातात ४११०३० नाही, ४११०३० आणि त्याला चिकटलेला एक अदृश्य सीआर आहे. सहा नव्हे, सात अक्षरं. प्रिंट केल्यावर बरोबर दिसतं कारण सीआरला स्वतःचं रूप नाही, तो फक्त कर्सर ओळीच्या सुरुवातीला नेतो. आणि त्याच ओळीवर पिनकोडनंतर आणखी काही छापलंत तर ते आधीच्या मजकुरावर चढतं. लॉगमध्ये कधी अर्धवट खाल्लेली वाक्यं दिसली तर आधी सीआरचा संशय घ्यावा.

म्हणून अशा वेळी प्रिंटवर विश्वास ठेवू नका. पायथनमध्ये रेप्र लावून छापा, सीआर असेल तर बॅकस्लॅश-आर होऊन समोर येईल. किंवा नुसती लांबी छापा. लिनक्सवर फाइल नावाचीच कमांड ‘सीआरएलएफ लाइन टर्मिनेटर्स’ असं सरळ सांगते. कॅटला कॅपिटल ए हा पर्याय दिला तर सीआरच्या जागी टोपी-एम आणि ओळीच्या शेवटी डॉलर दिसतो. सगळ्यांत खात्रीचं म्हणजे ओडी ही कमांड. ते एकेक बाइट समोर मांडतं, मग वादच उरत नाही. माझा नियम आहे: ओळींच्या भानगडीत कोडला हात लावण्याआधी बाइट्स बघायचे. तुम्ही रिप्लेस आधी लावलं आणि फाइल नंतर पाहिली, म्हणून एकीकडचं दुसरीकडे गेलं.

गंमत म्हणजे तीच फाइल साध्या ओपनने टेक्स्ट मोडमध्ये उघडली असती तर पिनकोडची तक्रार उद्भवलीच नसती. पायथन ३ मध्ये ओपनचं न्यूलाइन हे आर्ग्युमेंट काहीच दिलं नाही, तर वाचताना सीआर, एलएफ आणि जोडी या तिन्हींचं एलएफ करून मिळतं. पण अपलोड बाइट्स म्हणून येतं, त्याला ही सोय आपोआप लागू होत नाही. त्यासाठी आयओ मॉड्यूलमधलं टेक्स्टआयओरॅपर आहे. अपलोडचा बाइट्सचा प्रवाह त्यात गुंडाळा, एन्कोडिंग सांगा, आणि पुढे तो ओपनने उघडलेल्या फाइलसारखाच वापरा. सीएसव्ही असेल तर न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग द्या आणि प्रवाह थेट सीएसव्ही रीडरच्या हवाली करा. स्वतः ओळी पाडू नका.

‘स्वतः ओळी पाडू नका’ यावर जोर देतो, कारण सीएसव्हीतली एक नोंद म्हणजे फाइलमधली एक ओळ असं नसतं. एक्सेलमध्ये पत्ता लिहिताना कोणी ऑल्ट धरून एंटर दाबलं, की त्या खान्याच्या पोटातच एक एलएफ जातो. सीएसव्ही करताना एक्सेल तो खाना दुहेरी अवतरणात घालतं. नोंद एकच राहते, पण तुमचं स्प्लिट तिचे दोन तुकडे करतं. पतसंस्थेच्या यादीत असे पत्ते नसतीलच, यावर मी पैज लावणार नाही.

आणखी एक सवय मोडायला हवी. ओळीच्या शेवटचं काढायचं म्हणून सरसकट स्ट्रिप लावणं. स्ट्रिप दोन्ही टोकांची सगळी मोकळी जागा खातं, टॅबसुद्धा. टॅबने वेगळे केलेल्या फाइलमध्ये शेवटचे दोन रकाने रिकामे असले की ते गायब होतात आणि ‘रकाने कमी पडले’ म्हणून ओरड सुरू होते. आरस्ट्रिपला सीआर आणि एलएफ एवढे दोनच सांगा, काम भागतं. याहून वाईट म्हणजे ‘सगळी अदृश्य अक्षरं उडवा’ छापाची रेग्युलर एक्सप्रेशन्स (मजकुरातले नमुने शोधायची सूत्रं). इंग्रजीपुरती ती खपून जातात. मराठीत मात्र शून्य रुंदीचा जोडक हे अक्षर अर्थाचं ओझं वाहतं. कित्येक कीबोर्ड ‘आचाऱ्यास’मधला डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा अर्धा र, हलन्त आणि तो जोडक वापरून लिहितात. जोडक उडवला की स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याचा गुरुकुलातला आचार्य होतो. सीआर काढायला गेलात आणि माणसाचा धंदाच बदललात.

आता ‘अ’कडे वळू. हे कोडं मला मनापासून आवडलं.

युटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट्सचं असतं. ‘अ’चे तीन बाइट्स आहेत २२४, १६४ आणि १३३. तुम्ही फाइल लॅटिन-१ म्हणून वाचलीत. लॅटिन-१ ला एररच येत नाही, कारण त्यात ० ते २५५ मधला प्रत्येक आकडा एक अक्षर असतो. एरर गेली म्हणजे प्रश्न सुटला असं वाटतं, पण झालं एवढंच की तुमचा एक ‘अ’ तीन परक्या अक्षरांचा झाला. परत लॅटिन-१ मध्येच लिहिलं तर तेच बाइट्स जसेच्या तसे बाहेर पडतात, म्हणून ही युक्ती बरेच जण वापरतात आणि बऱ्याचदा ती निभावूनही जाते. तुमची निभावली नाही, कारण साफसूफ करणाऱ्या तुकड्यात मध्ये स्प्लिटलाइन्स आलं, मजकुराच्या ओळी पाडणारं पायथनचं तयार फंक्शन.

पायथनच्या स्ट्रिंगवरचं स्प्लिटलाइन्स फक्त सीआर आणि एलएफवर थांबत नाही. व्हर्टिकल टॅब, फॉर्म फीड, युनिकोडचे लाइन सेपरेटर आणि पॅराग्राफ सेपरेटर, असे आणखी बरेच जण त्याच्या यादीत आहेत. त्यात एक आहे नेक्स्ट लाइन नावाचं नियंत्रण अक्षर. त्याचा युनिकोड क्रमांक १३३. आयबीएमच्या मेनफ्रेमवर ओळ संपवायला वेगळं अक्षर होतं, त्याची ही युनिकोडमधली जागा. तुमच्या ‘अ’चा तिसरा बाइट लॅटिन-१ मध्ये नेमका तोच झाला. स्प्लिटलाइन्सने तिथे ओळ तोडली आणि तोडताना तो १३३ गिळून टाकला. आधीच्या ओळीच्या शेवटी २२४, १६४ असा अर्धामुर्धा ‘अ’ लोंबकळत राहिला, तेच ते काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. पुढची ओळ सुरू झाली ‘निल’पासून.

अजून दोन ठिकाणी बघा, तुमच्या नजरेतून निसटलं असेल. ‘कॅम्प’, ‘मॅडम’ यांतल्या ॅ या खुणेचे बाइट्स २२४, १६५, १३३. शेवटी पुन्हा तोच १३३, म्हणजे पुण्याच्या कॅम्पातले पत्तेही फुटले असणार. वकिलांच्या नावाआधीचा ‘ॲ’ मात्र शाबूत असेल, त्याच्या शेवटी १७८ आहे. दुसरं ठिकाण ‘पेठ’. साफसूफ करणारा तुकडा प्रत्येक खान्यावर स्ट्रिप लावत असेल, तर सदाशिव पेठ, शनिवार पेठ, नाना पेठ या सगळ्यांची शेपटं तपासा. ‘ठ’चे बाइट्स २२४, १६४, १६०. लॅटिन-१ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, आणि स्ट्रिपच्या लेखी तीही मोकळी जागाच. खान्याच्या शेवटी ‘ठ’ असला की त्याचा शेवटचा बाइट स्ट्रिप चाटूनपुसून नेतं. मधल्या ‘ठ’ला काही होत नाही, म्हणून ‘ठाणे’ सुखरूप आणि ‘पेठ’ घायाळ.

पायथनला एकट्याला बोल लावू नका. पीएचपीत प्रेग-स्प्लिटला बॅकस्लॅश कॅपिटल आर देऊन ओळी पाडल्या आणि शेवटचा यू हा मॉडिफायर विसरलात, तर हाच ‘अ’ तिथेही असाच फुटतो, तेही लॅटिन-१ शिवाय. जावाचं स्कॅनर १३३ ला ओळ मानतं, बफर्डरीडर मानत नाही. इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या कोडला हे कधी कळणारच नाही. म्हणून माझ्या चाचणीच्या फाइलीत एक ओळ कायम असते: ‘अनिता, कॅम्प, नाना पेठ’. ती धडधाकट बाहेर आली तर पुढे जायचं.

मग करायचं काय? लॅटिन-१ काढून टाका आणि मूळ एररला सामोरे जा. कितव्या बाइटपाशी अडलं हे ती एरर सांगते. तिथे जाऊन ओडीने बघा. बहुधा कुणीतरी दुसऱ्या एन्कोडिंगमधला एखादा तुकडा चिकटवलेला असतो, आणि तो एका ठिकाणी दुरुस्त करणं हे अख्खी यादी विद्रूप करण्यापेक्षा स्वस्त पडतं. काही कारणाने बिघडलेले बाइट्स जसेच्या तसे पलीकडे न्यायचेच असतील, तर एन्कोडिंग युटीएफ-८ ठेवून एरर्स या आर्ग्युमेंटला सरोगेटएस्केप द्या. चांगला मजकूर नीट वाचला जातो, वाईट बाइट्स बाजूला खुणा करून ठेवले जातात आणि त्याच पर्यायाने लिहिताना परत जागेवर येतात. आणि बाइट्सवरच ओळी पाडायच्या असतील तर बाइट्सच्या स्वतःच्या स्प्लिटलाइन्सला हा रोग नाही. ते सीआर, एलएफ आणि जोडी एवढंच ओळखतं. युटीएफ-८ मध्ये ते सुरक्षितही आहे, कारण त्यात अनेक बाइटी अक्षराच्या पोटात १२८ पेक्षा लहान बाइट कधीच येत नाही. १० दिसला तर तो खरोखरचा एलएफच.

हे सुख युटीएफ-१६ मध्ये नाही. विंडोजवर ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून जतन केलेल्या फाइली अजून येतात, म्हणून सांगतो. तिथे ‘ऊ’ म्हणजे १० आणि ९ असे दोन बाइट्स. बाइट १० वर ओळी पाडणारा कोड ‘ऊस’ या शब्दापाशी ओळ तोडतो. साखर कारखान्याच्या फाइलीवर हे करून बघा, मग कळेल. ‘च’ म्हणजे २६ आणि ९. विंडोजवर सी भाषेच्या साध्या टेक्स्ट मोडमध्ये २६ म्हणजे कंट्रोल-झेड, फाइल समाप्त. म्हणजे पहिल्या ‘च’पाशीच वाचन आटोपतं, तेही एररशिवाय. गुजराती आणि गुरुमुखीची गत आणखी वाईट: त्यांच्या प्रत्येक अक्षरात एक बाइट १० चाच. मल्याळमच्या प्रत्येक अक्षरात १३. युटीएफ-१६ असेल तर आधी डीकोड, मगच ओळी, याला पर्याय नाही.

राहिल्या एकाआड एक रिकाम्या ओळी. पायथनचा सीएसव्ही रायटर ओळीच्या शेवटी स्वतःहूनच जोडी लिहितो, कुठल्याही यंत्रावर. इकडे विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये उघडलेली फाइल प्रत्येक एलएफची जोडी करते. म्हणून रायटरच्या जोडीतल्या एलएफच्या आधी आणखी एक सीआर येऊन बसतो आणि फाइलमध्ये पडतं सीआर, सीआर, एलएफ. एक्सेलला त्यात दोन ओळी दिसतात. लिनक्सवर एलएफला कोणी हात लावत नाही, म्हणून तिथे सगळं आलबेल. उपाय एका शब्दाचा: सीएसव्हीसाठी फाइल उघडताना, वाचायला असो वा लिहायला, न्यूलाइनला रिकामी स्ट्रिंग. पायथनच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय आणि तरी ते दर महिन्याला कोणी ना कोणी नव्याने शोधून काढतं. मीही एकदा काढलंय. मराठी मजकूर एक्सेलमध्ये नीट उघडायला एन्कोडिंग युटीएफ-८-सिग द्या, म्हणजे फाइलच्या आरंभी ओळखीची खूण पडते.

याच जातीची दुसरी चूक ओएस.लाइनसेप वापरण्याची. नाव बघून वाटतं की हेच तर हवं होतं. पण टेक्स्ट मोडमध्ये ते लिहिलं की विंडोजवर पुन्हा तोच दुहेरी सीआर. प्रोग्रामच्या आत एलएफ एवढाच वापरायचा आणि बाहेर पडताना फाइल उघडण्याच्या ओळीत काय हवं ते एकदाच सांगायचं. लिनक्सवरच्या प्रोग्रामला जाणारी फाइल विंडोजवर बनवताय? न्यूलाइनला बॅकस्लॅश-एन द्या, मग भाषांतर होणार नाही. समोरच्याला जोडीच हवी आहे? बॅकस्लॅश-आर बॅकस्लॅश-एन द्या. कुठल्या यंत्रावर कोड चालतोय यावर फाइलचं रूप ठरू देऊ नका, फाइल कोणाकडे जाणार आहे यावर ठरवा. एचटीटीपीचे हेडर, ईमेलचा एसएमटीपी यांना जोडीच लागते, तिथे तुमच्या यंत्राच्या आवडीनिवडीला कोणी विचारत नाही.

यावर माझी एक जुनी फजिती. वीसेक वर्षांपूर्वी पगाराच्या फाइली युनिक्स यंत्रावरून विंडोजवर एफटीपीने पाठवायचो. एफटीपीत एक एएससीआयआय मोड असतो, तो वाटेतच ओळींची शेवटं बदलून देतो. टेक्स्ट फाइलींना ते सोयीचं. एका रात्री मी झिप फाइल त्याच मोडमध्ये ढकलली. झिपच्या पोटात १० हा आकडा जिथे जिथे होता तिथे तिथे आधी १३ घुसला आणि सकाळी झिप उघडेना. मी दोन दिवस नेटवर्कवाल्यांना शिव्या घातल्या. दोन्हीकडचा आकार शेजारी ठेवून पाहिला असता तर पलीकडची फाइल काही हजार बाइट्सने फुगलेली लगेच दिसली असती. चित्र, झिप, पीडीएफ यांना टेक्स्ट मोड लावायचा नाही, हे तेव्हापासून हाताला लागलंय. आणि टेक्स्ट फाइलचं हॅश (बाइट्सवरून काढलेली ओळखखूण) काढून जुळवत असाल तर शेवटं बदलली की हॅशही बदलतं, मजकूर डोळ्यांना तोच दिसला तरी.

लिहिताना शेवटच्या ओळीनंतरचा एलएफ विसरू नका. युनिक्सच्या जगात एलएफ हा दोन ओळींच्या मधला दुभाजक नाही, तो प्रत्येक ओळीचा पूर्णविराम आहे. तो नसेल तर डब्ल्यूसी ओळी मोजताना एक कमी सांगतं, कारण ते एलएफच मोजतं. बॅशमधलं साधं व्हाइल-रीड शेवटची नोंद चक्क सोडून देतं. शंभर सभासदांत शेवटच्यालाच लाभांश मिळाला नाही, तर आधी हे तपासा. आणि कोणी त्या फाइलीच्या शेवटी नवी ओळ जोडली की ती जुन्या ओळीला चिकटते. पायथनचं राइटलाइन्स नावावरून ओळी लिहील असं वाटतं, पण ते स्वतःहून एलएफ घालत नाही. यादी दिलीत की सगळं सलग.

इतर भाषांबद्दल थोडक्यात, कारण तुमचा प्रश्न पायथनचा आहे. जावास्क्रिप्टमध्ये स्प्लिट करताना ‘असला तर सीआर, मग एलएफ’ असं रेग्युलर एक्सप्रेशन द्या. तुकड्यातुकड्यांनी वाचत असाल तर एका तुकड्याच्या शेवटी सीआर आणि पुढच्याच्या आरंभी एलएफ, अशी जोडी दुभंगू शकते हे ध्यानात ठेवा. गोचं स्कॅनर जोडी नीट हाताळतं, पण ओळीची मर्यादा मुळात ६४ केबीची. त्याहून लांब ओळ आली की ते थांबतं, आणि तुम्ही एरर विचारली नाहीत तर फाइल संपली असंच वाटतं. सी मधलं एफगेट्स एलएफ हातात ठेवतं, तो आपण काढायचा.

गिटचंही (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं) एक सांगतो, कारण दोघांचा कोड आहे आणि एकाचा लॅपटॉप विंडोज. ऑटोसीआरएलएफची सेटिंग ज्याच्या त्याच्या यंत्रावर असते, म्हणजे ज्याची त्याची मर्जी. त्यापेक्षा रिपॉझिटरीत गिटॲट्रिब्यूट्सची फाइल टाका. सगळ्यांना टेक्स्ट ऑटो, शेल स्क्रिप्टना एलएफ सक्तीचा, बॅच फाइलींना जोडी. नाहीतर एक दिवस विंडोजवर जतन केलेली शेल स्क्रिप्ट सर्व्हरवर जाईल आणि पहिल्या ओळीतल्या बॅशच्या नावाला चिकटलेल्या सीआरमुळे ‘असा इंटरप्रिटर नाही’ म्हणून अडेल. बॅश तर समोर दिसतोय, मग नाही कसा म्हणतं, यात अर्धा दिवस जातो. आणि तुमच्या चाचणीच्या सीएसव्ही फाइलींवर ‘याला हात लावू नको’ अशी खूण करा. नाहीतर जोडीसाठी लिहिलेल्या चाचणीतली जोडीच गिट काढून घेईल.

आता आधीच बिघडलेल्या याद्यांचं. मूळ अपलोड जपून ठेवलं असेल तर काहीच जुळवत बसू नका, दुरुस्त कोडमधून ते पुन्हा चालवा. नसेल, तर लॅटिन-१ मध्येच लिहिलंत हे एका अर्थी बरं झालं. गिळलेला एकेक बाइट सोडला तर बाकी सगळे जागेवर आहेत. फाइल बायनरी मोडमध्ये उघडा. ओळीच्या अगदी शेवटी २२४, १६४ दिसले तर तो फुटलेला ‘अ’. तिथे १३३ घाला, त्यापुढची ओळीची खूण काढा आणि खालची ओळ वर जोडा. ओळीच्या शेवटी २२४, १६५ असेल तर ती ॅ, तिलाही १३३ आणि तीच कृती. पण २२४, १६४ च्या पुढे स्वल्पविराम असेल तर तो ‘पेठ’मधला ‘ठ’ आहे. तिथे १६० घाला आणि ओळ जोडू नका. तुमच्या यादीत शेवटचा रकाना पिनकोडचा, म्हणजे आकड्यांचा आहे, म्हणून हे दोन प्रकार एकमेकांत मिसळणार नाहीत. झाल्यावर अख्खी फाइल युटीएफ-८ म्हणून सक्तीने डीकोड करून बघा. एरर आली तर तो बहुतेक तोच बाइट असेल ज्याच्यापायी तुम्ही लॅटिन-१ कडे वळला होतात.